अँटेना खांद्यावर नेला की आवाज तुटतो : अंगावर बांधलेल्या अँटेनाचा बिघाड कसा शोधावा

लक्षणे

वॉकी-टॉकीसारख्या हातात धरायच्या रेडिओ संचाचा मूळचा आखूड रबरी अँटेना संचावरच असतो तेव्हा बोलणे ठीक चालते, तोच संच छातीवरच्या खिशात ठेवून हातभर केबलने अँटेना खांद्यावर किंवा सॅकच्या पट्ट्यावर नेला, की पलीकडचा म्हणतो, "तुटक येतंय, परत सांग." माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हे लक्षण सर्वांत जास्त वेळा आढळते. याच बिघाडाची आणखी काही रूपे आहेत. ऐकू सगळे स्वच्छ येते, पण आपले बोलणे पोहोचत नाही. एका दिशेला तोंड केले की संपर्क होतो आणि पाठ फिरवली की जातो. केबलला हात लावला किंवा ती पट्ट्याखाली सरकवली की आवाज सुधारतो वा बिघडतो. बोलण्याचे बटण दाबताच कॉलरवरच्या माइकमध्ये किर्र असा आवाज येतो, कधी संच क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि शक्ती कमी केली की हा त्रास थांबतो. सकाळी सगळे नीट असते, दोन तास पावसात चालल्यावर मात्र हळूहळू पल्ला घटत जातो.

यांपैकी शेवटचे लक्षण जवळजवळ नेहमी पाण्याचे असते. बाकीच्यांमागे बहुतेक वेळा एकच कारण असते, आणि त्याकडे बहुतेक जण सर्वांत शेवटी पाहतात: अँटेना संचापासून दूर नेताना त्याचा अर्धा भाग संचापाशीच राहून जातो. याचा खुलासा पुढे सविस्तर केला आहे, पण तिथे पोहोचण्याआधी फुकटात होणाऱ्या तपासण्या उरकून घ्याव्यात, कारण चार मिनिटांच्या कामासाठी सोल्डरिंग गन तापवण्यात अर्थ नाही.

हे लिखाण १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, हौशी रेडिओवाल्यांच्या लहरींच्या पट्ट्यावरील, सुमारे ५ वॅटच्या हातसंचांच्या अनुभवावर आधारलेले आहे. सह्याद्रीत शोध-बचावाला जाणाऱ्या आमच्या मंडळींचे दोन्ही हात दोरात असतात आणि संच हातात धरता येत नाही, म्हणून अँटेना खांद्यावर न्यावा लागतो. लष्करी वा पोलिसी संचांनाही भौतिकशास्त्र हेच लागू आहे, पण ते संच उघडण्याचा किंवा त्यांना बाहेरचा अँटेना जोडण्याचा अधिकार वापरणाऱ्याला नसतो. ज्या छोट्या संचांचा अँटेना कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो, तो कापून तिथे केबल जोडण्याचा विचारही करू नये.

पहिली तपासणी : दोष अँटेनाचा की डोंगराचा?

तक्रार आली, त्याच जागी उभे राहून केबल काढावी, मूळचा अँटेना संचावर लावावा, संच डोक्याच्या उंचीवर उभा धरून पुन्हा बोलावे. तरीही आवाज तुटत असेल तर मध्ये डोंगर आहे, आणि त्यावर कोणत्याही केबलचा इलाज नाही; पन्नास पावले सरकून पाहावे किंवा मध्यावर एक माणूस निरोप पोहोचवायला उभा करावा. ही तपासणी हास्यास्पद वाटेल इतकी साधी आहे, पण हरिश्चंद्रगडाच्या एका घळीत मी स्वतः तीन केबल बदलून पाहिल्या आणि शेवटी कळले, की खाली तळावर बसलेला सहकारी आडव्या धारेच्या पूर्ण सावलीत होता. तो वीस मीटर वर चढला आणि पहिल्याच केबलवर बोलणे सुरू झाले.

याच तपासणीतली दुसरी चूक अधिक फसवी आहे. पुष्कळ जण नवी जोडणी वाहनतळावर पूर्ण शक्तीवर, शंभर पावलांवरच्या मित्राशी बोलून तपासतात, आवाज काचेसारखा स्वच्छ येतो, आणि जोडणी उत्तम असल्याचे ठरते. आपले संच एफएम पद्धतीचे आहेत. एफएममध्ये येणारा संकेत एका विशिष्ट उंबरठ्याच्या वर आहे तोवर आवाज स्वच्छच ऐकू येतो. उंबरठ्याच्या खाली गेला की मात्र तो झपाट्याने खरखरीत बुडतो. त्यामुळे जवळच्या चाचणीत नव्वद टक्के शक्ती वाया घालवणारा अँटेना आणि चांगला अँटेना कानाला सारखेच वाटतात. चाचणी नेहमी कमी शक्तीवर घ्यावी आणि असे अंतर निवडावे, की मूळच्या अँटेनावर आवाजात नुकती खरखर सुरू झाली आहे. ५ वॅटवरून अर्ध्या वॅटवर आले की संकेत १० डेसिबलने उतरतो, म्हणजे दूर न जाताही डोंगरातली परिस्थिती मैदानात उभी करता येते. पलीकडच्याने "ठीक आहे" असे न म्हणता खरखर किती, एवढेच सांगायचे असते.

दुसरी तपासणी : बॅटरी आणि सेटिंग

दोन लिथियम सेलची ७.४ व्होल्टची बॅटरी जुनी झाली, की ऐकताना ती निवांत असते आणि बोलताना मात्र तिचा दाब कोसळतो. मग ऐकू येते पण बोलणे पोहोचत नाही, आणि दोष अँटेनावर येतो. पूर्ण भरलेली दुसरी बॅटरी लावून पाहावी. संच चुकून कमी शक्तीवर राहिलेला नाही ना, तेही याच वेळी पाहून घ्यावे. मागच्या आठवड्यात कमी शक्तीवर चाचणी घेतलेली असते आणि नंतर कोणाच्याच लक्षात राहत नाही.

तिसरी तपासणी : कनेक्टर खरोखर बसला आहे का?

हातसंचांवरचा एसएमए कनेक्टर लहान आणि नाजूक असतो. बऱ्याच चिनी संचांवर मधली पिन संचाच्या बाजूला असते, तर बऱ्याच जपानी संचांवर संचाच्या बाजूला भोक असते, त्यामुळे एकासाठी घेतलेली केबल दुसऱ्याला अडॅप्टर लावूनच जोडावी लागते. हा फरक निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारा घोळ वाय-फायच्या साहित्याचा आहे. राउटरच्या अँटेनाचे कनेक्टर बाहेरून अगदी असेच दिसतात, आटेही गुण्यागोविंदाने बसतात, पण त्यांच्यात पिन आणि भोक उलटे असतात. परिणामी दोन भोके समोरासमोर येतात आणि मधला संपर्क होतच नाही, किंवा दोन पिना एकमेकींवर आदळून वाकतात. केबल ऑनलाइन मागवताना नावातल्या 'आरपी' या जादा अक्षरांनी हा घोटाळा होतो. म्हणून जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडांत डोकावून एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला भोक आहे, याची खात्री करावी.

दुसरा दोष बसण्याचा. काही संचांवर कनेक्टरभोवती प्लास्टिकची कड असते. मूळच्या अँटेनाचे बूड त्या कडेत नेमके उतरते, पण अडॅप्टरचे बूड रुंद असले तर ते कडेवर टेकते आणि आटे घट्ट झाल्यासारखे वाटतात, प्रत्यक्षात आत मिलिमीटरभर फट राहते. ओळखण्याची खूण अशी, की मूळचा अँटेना आणि अडॅप्टर हे प्रत्येकी किती फेऱ्यांत बसतात ते मोजावे. अडॅप्टर दीड-दोन फेऱ्या आधीच थांबत असेल तर फट आहे. अशा वेळी लांब मानेचा अडॅप्टर घ्यावा, पक्कड घेऊन जोर लावू नये.

एकदा एसएमएवर बीएनसी अडॅप्टर चढवला की तो तिथेच राहू द्यावा आणि रोजची काढघाल बीएनसीच्या पाव फेरीच्या कुलपावर करावी. एसएमएच्या आट्यांना वारंवार काढण्या-घालण्याचे वय नसते.

चौथी तपासणी : अँटेना नेमका कुठे आहे?

माणसाचे शरीर या लहरींच्या दृष्टीने खाऱ्या पाण्याची पिशवी आहे. ती लहरी अडवते, शोषते आणि जवळ आलेल्या अँटेनाचा सूरही बिघडवते. संच कमरेला अडकवून त्यावरच्या आखूड अँटेनाने बोलणे हा सर्वांत वाईट प्रकार; तोच संच डोक्याच्या उंचीवर धरला तर १० डेसिबलचा, म्हणजे दहापट शक्तीचा, फरक सहज पडू शकतो. अँटेना खांद्यावर नेण्याचा खरा फायदा हाच आहे. पण तो खांद्यावर नेऊन पट्ट्याला सपाट चिकटवला, तर फायद्याचा मोठा भाग परत जातो.

पाहायच्या गोष्टी तीन. अँटेनाचे टोक मानेच्या वर असावे आणि निदान वरचा अर्धा भाग अंगापासून चार बोटे दूर मोकळ्या हवेत असावा. तो उभा असावा, कारण तळावरचा आणि रिपीटरचा (संकेत पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्राचा) अँटेना उभा असतो. आडवा झालेला अँटेना मोकळ्या मैदानात संकेताचा फार मोठा भाग गमावतो, दरीत परावर्तनांमुळे हा तोटा थोडा भरून निघतो, पण त्यावर विसंबू नये. आणि त्याच्या शेजारी धातू नसावा. आमच्या एका सहकाऱ्याचा अँटेना नेहमी डाव्या पट्ट्यावर असे आणि सॅकच्या डाव्या खिशात स्टीलची पाण्याची बाटली. बाटली उजवीकडे गेली आणि त्याची निम्मी तक्रार संपली. कॅराबिनरचा झुबका आणि सॅकची अॅल्युमिनियमची चौकट यांचाही असाच हिशेब ठेवावा.

तपासण्यासाठी जागेवर उभे राहून सावकाश गोल फिरावे, दर आठव्या भागावर थांबून एक आकडा बोलावा, आणि पलीकडच्याने कोणता आकडा बुडाला ते लिहून घ्यावे. एक-दोन आकडे बुडणे स्वाभाविक आहे, ती शरीराची सावली. तीनपेक्षा जास्त बुडाले तर जागा बदलावी.

पाचवी तपासणी : केबल

येथे एक गैरसमज आधी दूर करतो. "बारीक केबल शक्ती खाते" असे सांगून लोकांना जाड केबल विकली जाते. आरजी-१७४ ही पेन्सिलच्या शिशाएवढ्या जाडीची केबल १५० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण तिसरा हिस्सा डेसिबल खाते आणि ४५० मेगाहर्ट्झला अर्ध्या डेसिबलहून थोडे अधिक. अंगावरच्या जोडणीत केबल मीटरभरसुद्धा नसते. हा तोटा कानाला कळतच नाही. जाड केबल उलट कडक असल्याने संचाच्या कनेक्टरला तरफेसारखी ओढते आणि तो आतल्या सर्किटच्या पाटीवरून उखडते. बारीक केबल शक्ती खाते म्हणून बदलू नये; ती तुटते म्हणून बदलावी.

ती तुटते कुठे, हेही ठरलेले असते. या केबलमध्ये मधोमध एक तार आणि तिच्याभोवती धातूची विणलेली जाळी असते; कनेक्टरच्या मागे पहिल्या सेंटीमीटरभरात केबल रोज वाकते, मधली तार आत तुटते आणि वरचे आवरण शाबूत राहते. डोळ्यांना काही दिसत नाही. त्या जागेवरून अंगठा आणि तर्जनी फिरवावी. धडधाकट केबल सर्वत्र सारखी ताठ लागते, तुटलेल्या ठिकाणी ती वातीसारखी मऊ लागते. मग केबल दोन्हीकडून मोकळी करून मल्टिमीटर लावावा. मधल्या तारेच्या दोन टोकांत जवळजवळ शून्य ओहम दिसला पाहिजे, बाहेरच्या जाळीच्या दोन टोकांतही तसाच, आणि मधली तार व जाळी यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. मोजमाप चालू असताना केबल दोन्ही कनेक्टरांपाशी हळूहळू वाकवावी, कारण सरळ केबल अनेकदा उत्तीर्ण होते आणि वाकलेली नापास. अँटेना जोडलेला असताना ही मोजणी करू नये, कारण काही अँटेनांमध्ये मधली तार आणि जाळी मुद्दाम आतून जोडलेली असते, आणि चांगल्या अँटेनावर शॉर्टचा ठपका येतो.

अँटेनाच्या बाजूने केबल मोकळी असताना बोलण्याचे बटण दाबू नये. संचाच्या अंतिम टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरवर तो ताण येतो आणि मग दोनशे रुपयांच्या केबलचा बिघाड पूर्ण संचाचा होतो.

सहावी तपासणी : अँटेनाचा राहून गेलेला अर्धा भाग

इथवर सगळे नीट निघाले आणि केबलला हात लावताच आवाज बदलतो ही तक्रार कायम राहिली, तर कारण जवळपास निश्चित आहे.

एकाच काठीसारखा दिसणारा अँटेना प्रत्यक्षात एकटा कधीच नसतो. काठीत वाहणाऱ्या प्रवाहाला तेवढाच उलट प्रवाह दुसरीकडे वाहावा लागतो. गाडीच्या टपावर ते काम टप करतो. हातात धरलेल्या संचात ते काम संचाची धातूची चौकट आणि ती धरणारा हात मिळून करतात. मूळचा रबरी अँटेना असा, संच आणि हात गृहीत धरूनच बनवलेला असतो. आपण तो उचलून केबलच्या टोकाला, खांद्यावर नेला, की काठी खांद्यावर आणि तिचा जोडीदार छातीवरच्या खिशात, अशी त्यांची ताटातूट होते. उलट प्रवाहाला वाहायला एकच वाट उरते: केबलच्या जाळीचा बाहेरचा पृष्ठभाग. मग केबलच अँटेनाचा भाग बनते. ती अंगाला चिकटून गेलेली असल्याने शरीर शक्ती शोषते. तिला हात लावला की अँटेनाचा आकार बदलल्यासारखे होते. आणि ती माइकच्या वायरजवळून गेली की माइकमध्ये किर्र वाजते. सुरुवातीच्या लक्षणांतली चार याच एका गोष्टीतून निघतात.

उपाय असा, की जोडीदार काठीपाशीच द्यायचा. वायरमन वापरतात ती अनेक बारीक तारांची लवचिक वायर घ्यावी, तिच्या एका टोकाला चकतीसारखा लग क्रिम्प करावा आणि तो अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला, घट्ट लागेल असा बसवावा. रंग किंवा गंज असेल तर आधी घासून घ्यावा. वायर पट्ट्याच्या आतून सरळ खाली सोडावी. आम्ही तिला शेपटी म्हणतो. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २ मीटर ७ सेंटीमीटर, म्हणून पाव तरंग ५१ सेंटीमीटरांहून थोडा जास्त, आणि तारेत व्यवहारात तो ४९ सेंटीमीटरांच्या आसपास येतो. ४३५ मेगाहर्ट्झसाठी हीच लांबी साडेसोळा सेंटीमीटर. लहरींचे हे दोन्ही पट्टे वापरायचे असतील तर एकाच लगला दोन्ही लांबीच्या दोन शेपट्या लावता येतात. शेपटीच्या मोकळ्या टोकावर हीट-श्रिंक नळी चढवावी, कारण प्रेषणाच्या वेळी टोकाशी दाब सर्वाधिक असतो आणि उघडे टोक घामट कातडीला लागले तर चटका बसतो.

वर पाव तरंगाची लवचिक काठी, खाली तेवढीच शेपटी: झाला उभा द्विध्रुव (डायपोल अँटेना), आणि खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी त्याला नेमकी पुरते. मूळचा वीतभर रबरी अँटेना शेपटीसह लावला तरी सुधारणा होते, पण पूर्ण लांबीच्या काठीइतकी नाही. काठी कारवीच्या झाडोऱ्यात अडकते ही तक्रार खरी आहे. म्हणून ती पोलादी पट्टीच्या किंवा लवचिक तारेच्या बनावटीची, वाकून परत सरळ होणारी घ्यावी.

लष्करी संचांच्या बाबतीत हीच अडचण कित्येक पटींनी मोठी असते. अमेरिकी एएन/पीआरसी-१४८ सारखा हातसंच ३० ते ५१२ मेगाहर्ट्झवर चालतो, आणि ३० मेगाहर्ट्झचा पाव तरंगच अडीच मीटरांचा असतो. बनियनवर शिवलेला कोणताही छोटा अँटेना तिथे तडजोड असतो, त्यामुळे खालच्या पट्ट्यात पल्ला कमी मिळणे हा बिघाड समजून त्याच्या मागे लागू नये.

शेपटी लावल्यावरही थोडा प्रवाह जाळीवरून खाली येतोच. त्याला अडवण्यासाठी अँटेनाच्या बुडापासून लगेच केबलवर फेराइटचे चार-पाच मणी ओळीने ओवावेत किंवा चिमट्याचे फेराइट लावावेत. दोन मीटरच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यासाठी ४३ क्रमांकाचे मिश्रण चालते, सत्तर सेंटीमीटरच्या (४३५ मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यासाठी ६१ क्रमांकाचे. जुन्या मॉनिटरच्या केबलवरून काढलेले अज्ञात फेराइट काहीच नसण्यापेक्षा बरे, इतकेच. मणी अँटेनापाशी हवेत. संचाच्या बाजूला लावले तर मधली सारी केबल अँटेना बनून मोकळीच राहते.

लागू पडले की नाही याची खूण पैसे न खर्चता मिळते: बोलत असताना दुसऱ्याने केबल मधोमध मुठीत धरावी. पलीकडच्याला फरक जाणवला नाही तर काम झाले.

सातवी तपासणी : माइकमधली किर्र

शेपटी आणि फेराइट यांनी ती बहुतेक जातेच. उरली तर अँटेनाची केबल एका पट्ट्यावरून आणि माइकची वायर दुसऱ्या पट्ट्यावरून न्यावी, दोघी एकमेकींना कुठे ओलांडतच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात, समांतर धावू देऊ नयेत. माइकच्या वायरवर प्लगपाशी एक फेराइट लावावे. तरीही किर्र राहिली तर माइक बदलून पाहावा. स्वस्त माइकांत आतले गाळणीचे कपॅसिटर कित्येकदा बसवलेलेच नसतात.

आठवी तपासणी : पाणी

केबलमध्ये शिरलेले पाणी जाळीतून दिव्याच्या वातीप्रमाणे वर चढते. कनेक्टरच्या मागे आवरण कापून पाहिले आणि जाळी काळी किंवा हिरवट दिसली, तर ती केबल वाळवत बसू नये, टाकून द्यावी. उन्हात ठेवून ती दोन दिवस चालेल आणि तिसऱ्या दिवशी कड्यावर दगा देईल. नव्या केबलचे सांधे स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी टेपने, ताणून, अर्धा पदर अर्ध्यावर येईल असे गुंडाळावेत. पट्टी खालून वर गुंडाळत न्यावी, म्हणजे पदर कौलांसारखे पडतात आणि पाणी ओघळून जाते. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सांध्यांवर कधीही लावू नये. त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते. पहिल्या वर्षी मी ते मोठ्या उत्साहाने सगळ्या केबलांना लावले होते आणि गणपतीच्या आधीच सगळ्या केबल बदलल्या.

नववी तपासणी : मीटरवर मोजणे

आता पैसे खर्च होतील अशी वेळ आली. अँटेना कोणत्या लहरींना जुळतो हे मोजणारे, नॅनोव्हीएनए नावाचे तळहाताएवढे उपकरण हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मित्राकडे बहुधा असते. ते १४० ते १५० मेगाहर्ट्झ लावून, केबलच्या टोकाशी नीट कॅलिब्रेट करून, जोडणी अंगावर चढवलेली असताना मोजावे. टेबलावर मोजून उपयोग नाही, कारण अंगाजवळ आला की अँटेनाचा सूर खाली उतरतो. वक्राचा खळगा १४० कडे घसरलेला दिसला तर शेपटी किंवा काठी लांब आहे. एक सेंटीमीटर कापले की तो साधारण दीड मेगाहर्ट्झ वर सरकतो. म्हणून शेपटी सुरुवातीला ५२ सेंटीमीटर ठेवून अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरने कापत यावे. एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळतो याचे माप, १ म्हणजे आदर्श) २ असला तर परत येणारी शक्ती सुमारे ११ टक्के असते, जी कानाला कळत नाही. ३ असला तर २५ टक्के. २ च्या खाली आले की थांबावे, १.१ साठी संध्याकाळ घालवू नये.

उपकरण धरलेला हात हलवला आणि पडद्यावरचा वक्र हलला, तर सहाव्या तपासणीकडे परत जावे. आणि एक सावधगिरी: चांगला एसडब्ल्यूआर म्हणजे चांगला अँटेना नव्हे. ५० ओहमच्या डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या, शक्ती जिरवणाऱ्या रोधाचा) एसडब्ल्यूआर आदर्श असतो आणि त्यातून काहीच बाहेर जात नाही. शरीराला चिकटलेला, सगळी शक्ती मांसात जिरवणारा अँटेनासुद्धा मीटरवर देखणा दिसतो. म्हणूनच गोल फिरण्याची चाचणी मीटरनंतर पुन्हा घ्यावी आणि शेवटचा निर्णय तिचाच मानावा.

कुठे थांबावे

संचाचा कनेक्टर बोटाने हलवला आणि तो बुडापासून डुलला, तर आतल्या पाटीवरचा सांधा तुटला आहे. तो घरच्या सोल्डरिंग गनने जोडायला जाऊ नये. पाटीवरची तांब्याची पट्टी एकदा सुटली की संच गेला. मूळच्या अँटेनावरही पल्ला घटला असेल तर दोष केबलचा नसून अंतिम टप्प्याचा असण्याची शक्यता आहे आणि ते काम वॅटमीटर व डमी लोड असलेल्या दुरुस्तीवाल्याचे आहे. अग्निशमन दलात, रासायनिक कारखान्यात किंवा खाणीत वापरायचे, स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित केलेले संच असतात. त्यांचा अँटेना, केबल, अगदी बॅटरीही बदलली तर प्रमाणपत्र जाते आणि ठिणगीचा धोका येतो. त्यांना हात न लावता ते खात्याच्या कार्यशाळेत द्यावेत.

बोलताना कातडीला चटका, झिणझिण्या किंवा ऊब जाणवली तर लगेच बोलणे थांबवावे आणि जोडणी उतरवावी. ५ वॅटवर सलग बोलत राहण्याची सवय असेल तर अँटेना मानेला आणि डोळ्यांजवळ नको. शक्ती काम भागेल इतकीच ठेवावी. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी अंगावरचा अँटेना आधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय बांधूच नये. आणि धारेवर असताना ढगांचा गडगडाट ऐकू आला की डोक्यावर निघालेली काठी काढून सॅकमध्ये घालावी, तपासणी अर्धवट राहिली तरी चालेल.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना संचासोबत मूळचा अँटेना, वापरातली केबल आणि माइक हे तिन्ही न्यावे. नुसता संच नेला तर तो तिथे टेबलावर उत्तम चालतो, "काही दोष नाही" म्हणून परत मिळतो, आणि पुढच्या शनिवारी त्याच घळीत पुन्हा तुटक येऊ लागते. कोणत्या तपासण्या झाल्या आणि गोल फिरताना कोणते आकडे बुडाले, तो कागदही सोबत द्यावा.